तीन मजले, एक क्रियापद

अक्का गेली त्या सकाळी मी नशिराबादच्या रस्त्याला भरताची वांगी निवडत होते. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात घेतली की हलकी लागणारी. जड वांगं बियांचं निघतं, हे अक्काला मी शिकवलेलं आणि पुढे जन्मभर ती ते स्वतःच्या नावावर जगाला सांगत सुटलेली. फोन कल्पनाचा होता. कल्पना आमची जुनी विद्यार्थिनी. आता शाळेत शिकवते, अक्काच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि रोज सकाळी अक्काला चहा नेऊन द्यायची. "मॅडम, अक्का उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. "उठत नाही म्हणजे काय?" असं मी खेकसले खरी, पण खेकसतानाच मला कळलं होतं. वांगीवाली पिशवी धरून उभी होती. "ताई, घ्यायची का ठिवायची?" मी म्हटलं, "घ्यायची." रविवारी भरीत ठरलं होतं, आणि ठरलेली गोष्ट मोडलेली अक्काला खपायची नाही. पिशवी स्कूटरला अडकवली आणि मग रस्त्याच्या कडेला उभी राहून चांगलं भरपूर रडून घेतलं. रडण्यात संकोच कसला करायचा?

चार दिवसांनी पेपरात छापून आलं, 'निवृत्त प्राध्यापिकेस मान्यवरांनी श्रद्धांजली वाहिली.' अक्का असती तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाली असती, "शालू, बघ, पुन्हा आपलंच क्रियापद!" कारण अक्काचं सगळं आयुष्य एका क्रियापदावर उभं होतं. ते मराठीत वाहणं, आणि लॅटिनमध्ये फेर्रे. जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई लॅटिनच्या एका क्रियापदापायी इतकी वेडी कशी, असं लोक मला विचारतात. त्यांना कुठे माहीत आहे की ते क्रियापद तिला पुस्तकात सापडलं नव्हतं. ते तिला भुसावळच्या फलाटावर सापडलं होतं.

तिचं खरं नाव यशोधरा. वडील भुसावळ स्टेशनावर हमाल होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला, आणि डोक्यावर लाल कापड गोल पिळून केलेली चुंबळ, म्हणजे ओझं रुतू नये म्हणून ठेवतात ती कापडाची गादी. घर साधं, बौद्ध, शिकायची भूक असलेलं. एका दुपारी गाडीतून एक अँग्लो-इंडियन बाई उतरल्या. रेल्वेच्या शाळेतून निवृत्त होऊन कॉलनीत राहायला आलेल्या. पुढे सगळी कॉलनी त्यांना डोरा मिस म्हणायची. त्यांच्याजवळ पुस्तकांची ही एवढी ट्रंक. शाळेला सुट्टी होती म्हणून छोटी यशोधरा बापाबरोबर फलाटावर आलेली होती. "आबा वाकले," अक्का हे नेहमी उभी राहून सांगायची, "पण डोक्यावरचं ओझं कुणालाच एकट्याला चढवता येत नाही ना. दुसरा हात लागतो. आणि तेव्हा आसपास दुसरा हमाल नव्हता. मग डोरा मिसनं काय करावं? छत्री बगलेत मारली, हातमोजे काढले आणि 'हुं' करून ट्रंकेला हात लावला!" तो 'हुं' अक्का असा काही काढायची की मला डोरा मिस न पाहता दिसायच्या.

ट्रंक क्वार्टरमध्ये पोचली. मिसनं पोरीला बिस्किट दिलं आणि विचारलं, "तुझे वडील काय करतात?" समोर दिसत असताना विचारलं, हे विशेष. पोरगी मान खाली घालून म्हणाली, "ओझं वाहतात." मिस म्हणाल्या, "मान वर करून सांग. पातेर फेर्त. बाप वाहतो. रोमच्या सरदारालासुद्धा आपल्या बापाविषयी याहून चांगलं वाक्य सांगता आलं नसतं." पोरगी घरापर्यंत ते दोन शब्द घोकत आली. आबांनी विचारलं, याचा अर्थ काय वं? तिनं सांगितलं. आबा खो खो हसले. म्हणाले, "मंग बाईनं नवीन काय सांगितलं?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पोरीला मिसच्या दाराशी सोडलं. पुढे मॅट्रिक होईपर्यंत क्रोटनच्या कुंड्यांमध्ये बसून ती त्या व्हरांड्यात लॅटिन शिकली. मिसला सोबत हवी होती आणि हिला शब्द हवे होते. दोघींचंही भागलं.

मी कॉलेजात लागले तेव्हा अक्का विभागात जुनी झालेली होती. मी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी मी तिला 'मॅडम' म्हटलं. तिनं वर न बघता सांगितलं, "मॅडम मी पोरांची. तू अक्का म्हण. आणि अहोजाहो करायला मी काय प्रिन्सिपॉल आहे?" त्या दिवसापासून अक्का आणि तू. एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही नोकऱ्या काढल्या. भांडलो किती, त्याची मोजदाद नाही. पंखा किती वर ठेवायचा यावरून तर जळगावचा उन्हाळा असा एकही गेला नाही की आमची जुंपली नसेल.

वर्गात मात्र तिच्यापुढे भांडायला कुणाची टाप नव्हती. खेड्यापाड्यातून आलेली पोरं झाडांची शास्त्रीय नावं ऐकूनच अर्धमेली व्हायची. अक्का पहिल्या तासाला पुस्तक उघडायचीच नाही. विचारायची, "आंब्याला काय धरतं?" पोरं म्हणायची, आंबे. "मग झालं. मॅंजिफेरा. आंबे धरणारी. नारळ? न्युसिफेरा, कवचाचं फळ धरणारी. द्राक्ष? विनिफेरा, दारू अंगात वागवणारी." इथं मागच्या बाकांवर खसखस पिकायची. "शेवगा ओलिफेरा, त्याच्या बियांत तेल आहे. अफू सोम्निफेरम, झोप घेऊन येणारी, मागच्या बाकावर तिची लागवड दिसतेच आहे. आणि ताड? फ्लाबेलिफेर. पंखे वाहणारा." तास संपेपर्यंत अर्धा अभ्यासक्रम पोरांच्या तोंडात बसलेला असायचा. पोरांनी तिचं नाव 'फेरा मॅडम' पाडलं होतं. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कॉलेज सुटल्यावर मात्र तीही तिला अक्काच म्हणू लागली.

पण झाडांपाशी ती थांबायची नाही. एवढं एक क्रियापद, पण रोमच्या लोकांनी त्याला बैलासारखं राबवून घेतलंय, असं म्हणायची. ओझं वाहायचं ते फेर्रे. झाडानं फळ धरायचं तेही फेर्रे. दुःख सोसायचं, फेर्रे. कायदा मांडायचा, मत द्यायचं, वाट कुठेतरी घेऊन जायची, कुणाच्या मदतीला धावायचं, सगळीकडे हेच. एखादी गोष्ट मनाला लावून घेतली तर 'जड वाहिली' म्हणायचे, आणि एखादा आपली बढाई मिरवू लागला तर 'तो ती पुढ्यात धरून चालतो' म्हणायचे. आमचे एक प्राचार्य सत्काराची शाल खांद्यावरून खाली ठेवत नसत. अक्का मला टेबलाखालून पाय मारायची, "बघ, पुढ्यात धरून चाललेत." आणि 'लोक म्हणतात' याला रोमन लोक नुसतं 'फेरुंत' म्हणत... वाहतात, म्हणजे इकडची बातमी तिकडे. विभागात कुणी चुगली घेऊन आलं की अक्का मान न वळवता म्हणायची, "फेरुंत!" येणारा गोंधळायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. ट्रान्सफर, ऑफर, रेफरन्स, कॉन्फरन्स ही सगळी याच घरातली नातवंडं आहेत, हेही तिचंच सांगणं. माझी बदली होणार अशी एकदा अफवा उठली तर म्हणाली, "शालू, घाबरू नकोस. तुला उचलून पलीकडे न्यायला चार हमाल लागतील, सरकारला परवडायचं नाही."

तिचा सगळ्यात लाडका भाग वेगळाच होता. हे क्रियापद चालवताना मध्येच रूप बदलतं. आज वाहतो तेव्हा फेरो. काल वाहिलं म्हणायचं तर एकदम तुली. आणि वाहून झालेलं ते लातुम. एकाचा दुसऱ्याशी चेहऱ्यानं काही संबंध नाही. डोरा मिस म्हणायच्या, हे वेगवेगळ्या घराण्यांतले शब्द आहेत, एकाच कामाला लागलेले. अक्कानं त्यावर स्वतःची पुस्ती जोडली होती. "ओझंच एवढं मोठं होतं, की एकाला पेलेना. निघताना एकानं उचललं, वाटेत दुसऱ्यानं घेतलं, आणि ठेवलं तिसऱ्यानं." हे ती दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी मी समोरच्या टेबलावर पेपर तपासता तपासता ऐकायची. आणि तरी... ती स्वतः कशी वागायची? जन्मात कुणाला बोटभर ओझं उचलू दिलं नाही तिनं.

सहलीला तिचा नियम ठरलेला असायचा, जो तोडेल तो वाहील. एरंडोलजवळ पद्मालयाला आम्ही कमळं बघायला पोरांना न्यायचो. एका वर्षी विलास नावाच्या धुळ्याकडच्या पोरानं शूरपणा करून ताडाचं एक अख्खं पान तोडून आणलं. छत्रीपेक्षा मोठं! अक्का म्हणाली, "फ्लाबेलिफेर, आता वाहा." त्या पोरानं ते पान डोक्यावर धरून एसटीपर्यंत आणलं. कंडक्टर म्हणाला, याचं हाफ तिकीट लागेल. अख्खी गाडी हसली, पण अक्कानं दुसऱ्या कुणाला त्या पानाला हात लावू दिला नाही. तो विलास आज धुळ्यात नर्सरी चालवतो आणि ते पान त्यानं दुकानात टांगून ठेवलंय. अक्का स्वतः झाडं दाबायची लाकडी प्रेस, पाण्याची बाटली, डबा, सगळं खांद्यावर घेऊन पोरांच्या पुढे. स्टेशनवर हमाल पुढे आला तर ती हात जोडायची. "माझ्या बापानं सगळ्यांची ओझी वाहिली. आता आमच्या घरातलं ओझं कुणाच्या डोक्यावर चढायचं नाही." आबांची ती लाल चुंबळ तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. धुवून, पिळून, पुन्हा गोल करून ठेवलेली. हात लावायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्तीनंतर ती तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारणाऱ्याला ती एवढी रोखून बघायची की माणूस विषय बदलायचा. इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकही जिना चढायचा-उतरायचा नाही. "बरं," अक्का म्हणाली, "मग मी वरच राहते." आणि राहिली. विलास, कल्पना, बाकीची जुनी पोरं, सगळी येऊन म्हणून गेली, अक्का, आम्ही उचलून खाली नेतो, बागेत बसवतो, परत आणतो. ती एकेकाला झापायची. मी तर महिनाभर भांडले. माझ्या तळमजल्याच्या घरी राहायला ये म्हटलं, तर म्हणे, "येईन की. चालत आले तर."

दिवाळीनंतर एकदा गेले, तर गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. खाली कडुलिंब, गुलमोहर, कोपऱ्यावर एक करंज. मला म्हणाली, "शालू, सगळे शेंडेच दिसतात गं. बुंधा एकाचाही दिसत नाही. खोडाला हात लावून किती महिने झाले असतील?" हे बोलताना तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला तिचा राग आला. खरंच राग आला. झाडांवर आयुष्य काढलेली बाई, आणि एका हट्टापायी तिच्या नशिबी नुसते शेंडे! तिच्या हाताशी वेळ थोडा उरलाय, हे डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलेलं होतं, तिलाही ते माहीत होतं. तो वेळ ती या गॅलरीत बसून घालवणार की मातीवर पाय ठेवून, एवढाच प्रश्न राहिला होता. मी खाली उतरतानाच ठरवलं, बस्स झालं.

दर हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टी असते. तुरकाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि जेवायला बांधावरच्या जुन्या आंब्याखाली केळीच्या पानांवर बसायचं. अक्कानं ती कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी सकाळीच मी सातआठ जणांना घेऊन तिच्या दारात हजर झाले. सोबत माझी हात असलेली वेताची खुर्ची, तिला दोन बाजूंनी दोन वेळू बांधलेले. विलास धुळ्याहून पहाटे निघून आला होता. दार उघडताच अक्का कडाडली, "हे काय आणलंय?" विलास बिचारा तिला खूश करायला आपल्या अहिराणीत म्हणाला, "अक्का, काही काळजी करू नका, आम्ही बठ्ठा शेतस ना, सगळे आहोत ना!" "बठ्ठे आलात तसे बठ्ठे जा," ती म्हणाली आणि आत वळली.

मग मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. ती पाठमोरी. म्हणाली, "शालू, तू तरी मला समजून घे. मला कुणाचं ओझं व्हायचं नाही."

मी म्हटलं, "अक्का, आज तू ऐक. माझी आई केळीच्या मळ्यातून गवताचा भारा बांधून बांधावर उभी राहायची. एकटीनं तो डोक्यावर चढत नाही. जो पहिला माणूस वाटेनं जाईल त्याला ती हाक मारायची, 'ओ भाऊ, जरा हात लावजा!' ओळखीचा असो, नसो. पाटील असो नाहीतर परका फिरस्ता असो. तो सायकल टाकून यायचा, हात लावायचा आणि चालता व्हायचा. कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलं नाही, आणि आईला त्यात कधी कमीपणा वाटल्याचंही पाहिलं नाही. आणि तुझ्या आबांनी काय केलं? जन्मभरात एक तरी ओझं एकट्यानं डोक्यावर चढवलं का? तूच सांगतेस ना, डोरा मिसनं छत्री बगलेत मारली म्हणून? मिसनं हात लावला नसता, तर ती ट्रंक फलाटावरच राहिली असती. तुझं लॅटिनही तिथंच राहिलं असतं. पातेर फेर्त म्हणे! त्या फेर्तमध्ये दुसऱ्याचा हात होता, तो तू सोयीनं विसरलीस."

मी बोलले ते मोठ्यानं बोलले, बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. अक्का खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ तशीच. मला वाटलं, संपलं, आता ही जन्मात माझ्याशी बोलत नाही. मग ती हळूहळू स्वयंपाकघरात गेली. खिळ्यावरची चुंबळ काढली. तिचा पीळ उलगडला. ते लांब लाल कापड दोन्ही हातांत धरलं, कडेला दातानं चावा घेतला आणि मधोमध टर्रकन फाडलं. मी "अगं!" म्हणून ओरडले. ती म्हणाली, "ओरडतेस काय? जिना उतरताना पुढे खांदे किती लागणार? दोन. मग वेळू रुतायला नकोत." दोन तुकड्यांच्या तिनं स्वतः घड्या घातल्या, दार उघडलं आणि एक विलासच्या खांद्यावर ठेवली, एक कल्पनाच्या.

अट मात्र तिनं घातलीच. "मी रिकामी बसायची नाही. ती प्रेस माझ्या मांडीवर द्या." मग झाडं दाबायची ती जड प्रेस मांडीवर घेऊन, पदर खोचून, अक्का खुर्चीत बसली. उतरताना खुर्ची सपाट राहावी म्हणून पुढच्या दोघांनी वेळू खांद्यावर घेतले आणि मागच्या दोघांनी हातात धरले. सूचना माझ्या. केळीचा घड एकदा उचलला की गाडीपर्यंत मध्ये टेकवत नाहीत, टेकवला की फळाला डाग पडतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं. म्हणून मी बजावलं, "कुठंही टेकवायचं नाही. माणूस बदलायचा तर आधी नवा खांदा लागेल, मगच जुना निघेल." पहिला वळसा आला, माणसं बदलली, कापडाच्या घड्या एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेल्या, आणि वरून अक्काचा वर्गातला खणखणीत आवाज आला, "फेरो!" आम्ही दचकलो, मग हसत सुटलो. दुसऱ्या वळशाला खांदे बदलले, "तुली!" दारादारांत शेजारी येऊन उभे. एका आजोबांनी घाबरून विचारलं, "काय झालं हो बाईंना?" अक्का म्हणाली, "काही नाही. रंगीत तालीम चालू आहे." आणि तळमजल्यावर खुर्चीचे पाय फरशीला लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून, कॉलेज सोडून वर्षं उलटलेल्या त्या टकलू नि पिकल्या केसांच्या पोरांनी, एका सुरात आरोळी ठोकली, "लातुम!"

मळ्यात ती आधी भरताकडे गेलीच नाही. आंब्यापर्यंत चार पावलं तिला सावकाश चालवत नेलं. तिनं दोन्ही तळवे खोडावर टेकले आणि डोळे मिटून उभी राहिली. "मॅंजिफेरा," म्हणाली, "बरी आहेस ना?" मी तोंड फिरवून चुलीशी गेले, धुरानं डोळे चुरचुरत असल्याचं निमित्त तिथं तयार होतं. भरीत मात्र तिनं दोनदा मागून घेतलं आणि तिखट कमी पडलं म्हणून मला सुनावलंही.

त्यानंतर दर रविवारी आम्ही तिला उतरवायचो. कधी नुसतं खालच्या कडुलिंबापाशी, कधी मेहरूणच्या तलावाकडे. माझ्या घरी राहायला ती अखेरपर्यंत आली नाही, आपलं घर ते आपलं घर. पण रविवारी आठाच्या आधी प्रेस मांडीवर घेऊन तयार बसलेली असायची, आणि आम्हाला उशीर झाला की खाली कल्पनाला ऐकू जाईल अशी फरशीवर काठी आपटायची. बिननावाची किती माणसं तिच्या ओळखीची झाली त्या दिवसांत! रस्त्यानं जाणारा कुणीही वेळूला हात लावायचा, आणि ती त्याला त्याचं गाव विचारायची, गावात कोणतं झाड जास्त, तेही विचारायची. ज्या बाईनं जन्मभर हमालाला हात जोडून परत पाठवलं, ती आता "या, या, हात लावा" म्हणत होती, आणि तिचा चेहरा असा उजळलेला असायचा की बघत राहावं.

मग तो फोन आला... मी पोचले तेव्हा सगळे जमले होते. शेजारची तरणी मुलं पुढे झाली, ताई, आम्ही नेतो म्हणाली. भली मुलं, पण मी त्यांना म्हटलं, थांबा, हिची माणसं येताहेत. विलासला धुळ्याहून यायला वेळ लागला, आम्ही थांबलो. लाल कापडाच्या दोन्ही घड्या कल्पनानं खुर्चीच्या हातावरून काढून आणल्या आणि न विचारता तिरडीच्या पुढच्या दोन खांद्यांवर ठेवल्या. या वेळी एक खांदा माझा होता. कुणी बायका-पुरुष असा विषय काढला नाही, काढला असता तर मी होतेच. जिन्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. कुठंही टेकवायचं नाही, आधी नवा खांदा, मग जुना, हे सगळ्यांच्या अंगात बसलेलं होतं. पहिल्या वळशाला खांदे बदलले. सगळं शांत. दुसऱ्यालाही शांत. ऐकू येत होते ते फक्त पायांचे आवाज आणि कल्पनाचं मुसमुसणं. तळाशी पोचलो, अक्काला ओट्यावर ठेवलं, आणि तेव्हा विलास, ज्याला एकेकाळी ताडाचं पान एकट्यानं वाहावं लागलं होतं, तो तिच्या पायाशी वाकून अगदी हळू म्हणाला, "लातुम, अक्का." तेवढंच. मग आम्ही सगळे मोठ्यानं रडलो.

एक घडी तिच्या उशाशी ठेवून तिच्याबरोबर दिली. दुसरी माझ्याकडे आहे. माझ्या स्वयंपाकघरात, खिळ्यावर. गोल पीळ आता तिला बसत नाही, मध्ये वेळूचा दाब पडून ती चपटी झालीय, आणि नाकाशी नेली तर घामाचा वास येतो. आबांचा तर धुवून कधीच गेलेला, म्हणजे हा आमचाच, सगळ्यांचा मिळून. अक्का असती तर पहिली ओरडली असती, "शालू, किती दिवस झाले, धू की ती!"

नाही धुणार. कर काय करायचं ते.